चाळीस अंशांचं खोटं

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. प्रयोगशाळेतली, विजेवरची. माझ्या पोटात विटा आहेत आणि मनात जळफळाट. दोन्ही छान तापतात.

इंधनातला गंधक काढला की धूर स्वच्छ होतो. ते काम करणारी निकेलची पूड मी भाजते. अशा पुडीला उत्प्रेरक म्हणतात. ती दुसऱ्यांकडून काम करवून घेते आणि स्वतः आहे तशीच राहते, आमच्या साहेबांसारखी. अकरा वर्षं मी भाजत होते. संशोधक ताई माझं दार उघडताना "चल गं बाई" म्हणायच्या. आयुष्यात माझ्याशी एवढंच कोणी बोललंय.

मग ती नवी आली. पांढरीशुभ्र, दाराला काच, काम झालं की शीळ घालणारी. ताईंनी तिला स्वतःच्या रुमालाने पुसलं! मला कोपऱ्यात ढकललं आणि मदतनीस मामांनी माझ्या डोक्यावर जेवणाचा डबा ठेवला.

पण नवीतली पूड गंधक काढेचना. पाच वेळा भाजून झाली. शुक्रवारी तपासणी समिती येणार होती; पूड चालली नाही तर ताईंचं संशोधनच बंद. मला वाईट वाटायला हवं होतं. मला फार बरं वाटत होतं.

"वहीत साडेचारशे अंश लिहिलंय, तेवढेच लावतेय मी!" ताई रडकुंडीला आल्या.

"ताई, जुनीत किती असतात ते एकदा मोजा की."

"काहीतरीच काय मामा! तिच्यावर आकडा दिसतो ना."

"दिसतो हो. पण खरा आहे का? मोजा, चावत नाही ती."

त्यांनी मला तापवलं आणि आत तापमापक घातला. माझा आकडा साडेचारशे, तापमापकाचा चारशे नव्वद.

"अगं लबाडे!" मामा म्हणाले.

मला ठाऊक होतं, मित्रांनो. कोणी विचारलंच नव्हतं.

ताईंनी वहीत चारशे नव्वद लिहिलं, हसत पूड उचलली. मी तापून तयारच होते. त्यांनी ती नवीत ठेवली.

शुक्रवारी गंधक निघाला, संशोधन वाचलं. समितीने नवीसोबत फोटो काढला.

म्हणून सांगते, जुनं यंत्र बाजूला सारण्याआधी त्याची चूक नीट मोजून घ्या. तुमची निम्मी हुशारी तिच्यावरच चाललेली असेल. आणि फोटो काढताना कॅमेरा जरा डावीकडे वळवा. मी तिथेच असते.