कातडं तुमचं

आमच्या परसात दोन बागा होत्या. विहिरीकडची माझी, कुंपणाकडची यांची. माझ्या बागेत झेंडू, गुलबक्षी, वालाचा वेल आणि दर वर्षी कडू निघणारी दोडकी. यांच्या बागेत फक्त निर्गुडी. आमच्या गावात, देऊळघाटात, निर्गुडी कुणी मुद्दाम लावत नाही. ती नदीकाठी आपोआप येते, आणि कुणाचा गुडघा सुजला तर शेकायला तिचा पाला तोडून आणतात. यांनी मात्र ती ओळीने लावली, आळी केली, उन्हाळ्यात स्वतः शेंदून पाणी घातलं. छड्यांसाठी.

हे बोर्डाच्या शाळेत मास्तर. एक खोली, एक ओसरी, चार इयत्ता आणि बादशहाच्या तसबिरीखाली एक खुर्ची. एकीकडे पाढे चालू असताना दुसरीकडे बाराखडी घ्यायची, मधूनच कुणाचा अर्ज लिहून द्यायचा. कापूस वेचणीला निम्मा वर्ग शेतात, आणि शाळा तपासायला डिप्टीसाहेब आले की विचारणार, हजेरी कमी का? संध्याकाळी हे घरी येत तेव्हा घसा बसलेला असे, बाह्यांवर खडूची पूड असे. चहा पोटात जाईपर्यंत शब्द निघत नसे. मग परसात जात, आणि तिथे हा माणूस बदलत असे.

इतकं नाजूक काम मी दुसऱ्या कुठे पाहिलेलं नाही. फांदी कोवळी नको, जून नको. कापली की सावलीत वाळवायची. साल काढायची ती फुटक्या बांगडीच्या काचेने, हलक्या हाताने, जखम न करता. वाकडी असली तर शेगडीच्या निखाऱ्यावर शेकून, गुडघ्यावर टेकवून सरळ करायची. मग जवसाचं तेल. मूठ बांधायला रंगीत दोरा, तो माझ्या विणकामाच्या डब्यातला. सगळं झालं की डोळा मिटून हवेत एकदा फिरवायची. तो आवाज झाला की हे हसत. पाळण्यात होता तेव्हा आमचा मुलगा भालूही त्या आवाजाला हसायचा.

त्यांच्या छड्या बुलढाण्यापर्यंत जात. दुसऱ्या शाळांचे मास्तर मागून नेत. यांना त्याचा फार अभिमान.

घरी त्यांनी माझ्यावर किंवा भालूवर कधी हात उगारला नाही. माहेरचे म्हणत, नशीब काढलंस. मला वाटे, यांचा हात शाळेतच खर्च होतो, घरी यायला उरत नाही. पण भालू शाळेत जाईल तेव्हा?

नागपूरच्या कॉलेजात दोन वर्षं काढलेली मी, पण भालूला आंघोळ घालताना मी त्याचं कातडंच बघत बसायची. फार पातळ कातडं त्याचं. डास चावला तरी बोराएवढी गांधी उठायची. पाच वर्षांचा होत आला तरी डावा-उजवा हात कळत नव्हता. “जेवायचा कोणता?” विचारलं की आधी माझ्या हातांकडे बघायचा, मग सांगायचा.

चैत्रात एकदा शेजारच्या रुखमाबाई आल्या. “बाई, चार डहाळ्या देता का निर्गुडीच्या?”

“कुणाला काय झालं?”

“काई नाई. निवृत्तीचा हात सुजला. सतराचा पाढा नाही आला त्याले.”

निवृत्ती कुंपणाच्या पलीकडे उभा होता. तळहात पालथा करून छातीशी धरलेला. मी पाला तोडून दिला. ज्या झुडपाची काठी, त्याच झुडपाचा पाला.

“तुम्हाला राग नाही येत, रुखमाबाई?”

“काऊन येईन? मास्तर काय उगीच मारते? आमच्या घरच्यायनं शाळेत नाव घालतानाच म्हटलं, हाडं आमचे, कातडं तुमचं. एकदा देल्लं कातडं वापस मागते का कोणी?” पाला ओच्यात घेऊन त्या वळल्या आणि पुन्हा फिरल्या. “अन् बाई, एखादी जुनी छडी असली त द्या. लहान्यासाठी घरी पाह्यजे.”

वैशाखात हे बोर्डाच्या कामाला बुलढाण्याला गेले. भालूला मी रुखमाबाईंकडे दिलं आणि कोयता घेतला. सवय नाही, त्यामुळे घाव वाकडेतिकडे बसत होते. तरी मी सगळी ओळ जमिनीपासून हातभर ठेवून तोडली. हातभरही ठेवायची नव्हती, पण खाली खोड लोखंडासारखं. हाताला फोड आले. वर ऊन असं की झाड जळूनच जाईल, असं मनाशी म्हटलं.

हे परत आले, पाय धुवायला परसात गेले आणि तिथेच उभे राहिले. मी स्वयंपाकघराच्या दारात.

“कुणी तोडली?”

बकरीचं नाव घ्यायचं ठरवलं होतं. पण बकरी निर्गुडीला तोंड लावत नाही हे यांना माझ्याआधी ठाऊक. “मी,” म्हटलं.

“बरं केलंस,” हे म्हणाले. “दोन वर्षं मनात होतं, मला धीर होत नव्हता.”

आषाढात मला त्याचा अर्थ कळला. प्रत्येक बुंध्यावर भाल्यांसारखे फुटवे आले. पहिल्या फांद्यांना फाटे होते, गाठी होत्या. या सरळ, उंच, एकाही डोळ्याशिवाय. हे भालूला कडेवर घेऊन दाखवायचे. “बघ, आईने छाटली म्हणून अशी फुटली. छाटल्याशिवाय झाड सरळ वाढत नाही. माणसाचंही तसंच.”

श्रावणात, पंक्तीला आम्ही दोघंच असताना, मी विषय काढला. “भालूला बुलढाण्याला माझ्या मावशीकडे ठेवू या. तिथली शाळा मोठी आहे.”

“मास्तरचं पोर परगावच्या शाळेत? उकंडराव काय म्हणतील?” उकंडराव शाळा कमिटीवरचे, गावात कुणाला हसायचं हे त्यांच्या ओट्यावर ठरे. “म्हणतील, स्वतःच्या शिकवण्यावर याचाच भरवसा नाही.”

“मग तुमच्या वर्गात त्याला...”

“सगळ्यांसारखाच. खरं म्हणजे सगळ्यांपेक्षा थोडा जास्त. नाहीतर म्हणतील, मास्तर आपल्या पोराला गोंजारतो अन् आमच्याला सोलतो.” यांनी भात कालवला. आवाज अगदी शांत. “इतकं घाबरायला मी काय रानटी माणूस आहे? पालकाने हाडं आणि कातडं वेगळं करून दिल्याशिवाय मी कुणाच्या पोराला बोट लावलेलं नाही. नियम आहे माझा.”

“आणि पालकाने म्हटलंच नाही तर?”

“तर नाही लावणार. पण न म्हणणारा अजून भेटला नाही.”

“भालूचं कोण म्हणणार? बाप तर तुम्हीच. आपणच द्यायचं अन् आपणच घ्यायचं?”

हा पेच त्यांना सुचला नव्हता. हे हसले. “तू म्हणशील. गावात शिकलेली आई दुसरी आहे कोण?”

त्या एका बोलण्यावर मी श्रावण, भाद्रपद काढला. यांना मी पुरती ओळखत होते. हा माणूस शब्दाचा पक्का. नियम म्हणजे नियम, डिप्टीसाहेबासमोरही. मी म्हणणार नव्हते. सगळा गाव हसला तरी, यांची मान खाली गेली तरी. चार शब्द गिळायचे, बस्स, आणि माझ्या पोराचं कातडं माझ्याकडे राहील.

भालूला यातलं काही सांगायचं नव्हतं. तो मात्र शाळेसाठी वेडा झाला होता. शाळा सुटली की निवृत्तीच्या मागे फिरायचा. एके दिवशी परसात गेले तर माझ्या झेंडूच्या ओळीसमोर उभा. हातात यांनी टाकून दिलेली वाकडी फांदी. “तू सांग बे! सतरा पाचा?” झेंडू बोलेना. सप्‌. फूल खाली. “तू सांग!” सप्‌. दसऱ्याच्या तोरणासाठी राखलेली अर्धी ओळ बोडकी झाली होती. मी फांदी हिसकावली. तो रडला नाही. दोन्ही हात मागे बांधून गावकरी बापांच्या आवाजात काहीतरी पुटपुटत पळाला. मी नीट ऐकलं नाही. फुलं वेचत होते.

दसऱ्याच्या आधी यांनी नवी छडी केली. त्या सरळ फुटव्यांतली पहिली. माझा विणकामाचा डबा उघडून म्हणाले, “लाल दोरा नाही का?”

“संपला.”

“हा काय.” तळाशी भालूच्या पहिल्या झबल्याची उरलेली लाल लडी होती. मी ती जपून ठेवली होती. यांनी मूठ अशी सुबक बांधली की रुखमाबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, “बाई, नवरीच्या हातात शोभंन.”

दसऱ्याला पाट्या पुजायच्या, नवी नावं घालायची. ओसरीवर सरस्वती काढलेली पाटी, तिच्यापुढे पुस्तकं, शाईची दौत आणि ती छडी, हळदकुंकू लावून. माझ्या राहिलेल्या झेंडूचं तोरण दाराला. बाया येत नाहीत, पण यांनी बोलावलं म्हणून मी खांबाशी उभी.

एकेक बाप पोराला पुढे करी. रामराव पुढे आले, टोपी काढली. “गुर्जी, हाडं आमचे, कातडं तुमचं. पोराले माणूस करा.” हे पोराचा उजवा हात धरत, छडी नुसती टेकवल्यासारखी एक लावत. शकुनाची. पोरगं दचके, लोक हसत, बाप नारळ ठेवून मागे सरे. दुसरा बाप. तिसरा. तेच शब्द, तोच आवाज.

मग भालू. नवी टोपी, काजळ. यांनी माझ्याकडे पाहिलं. “बाप आणि मास्तर एकाच तोंडाने बोलू शकत नाहीत,” लोकांना म्हणाले. “याची आई देईल.”

सगळी ओसरी माझ्याकडे वळली. मी जमिनीकडे पाहिलं.

“बोला बाई,” उकंडराव म्हणाले. “शब्द आठवत नाही का? कालेजात नव्हते शिकवले?”

हशा. मी दात दाबून उभी. यांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती, आणि त्यांचा हातही. तो छडीकडे गेला नव्हता. नियम पाळत होते. कुणीतरी खोकलं. मला मनातून वाटलं, झालं. जिंकले.

“इचं तोंड शिवलं वाटते,” मागून कुणी बोललं, आणि पुन्हा हसू. भालूने वळून त्या माणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आई अडली आहे एवढं त्याला कळलं. धड्यात पोरं अडतात तशी. आणि त्याला तर येत होतं.

त्याने टोपी काढली. दोन्ही हात जोडले. त्या दिवशी झेंडूपाशी पुटपुटला होता तेच, आता खणखणीत आवाजात म्हणाला, “गुर्जी, हाडं आईचे, कातडं तुमचं!”

ओसरी हशाने फुटली. उकंडरावांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. “वा रे मास्तरच्या! स्वतःच दान देल्लं!” निवृत्ती टाळ्या वाजवत होता. भालू माझ्याकडे बघून फुलला होता. माझी अडचण त्याने सोडवली होती.

“हे चालत नाही,” मी म्हटलं. “त्याने म्हणून चालत नाही.”

“ज्याचं आहे त्यानं दिलं,” हे म्हणाले. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा मोकळा पाहत होते. परसात असतो तसा. त्यांनी लाल मुठीची छडी उचलली. रामरावाच्या पोराला टेकवली होती तशी नाही, खांद्यापर्यंत. सगळ्यांना दिसावं म्हणून.

“हात.”

भालूने लगेच हात पुढे केला. डावा.

“उजवा,” हे म्हणाले.

तो गोंधळला. नेहमीसारखा माझ्या हातांकडे बघू लागला. मी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि खांबाला टेकले. तो वाट बघत राहिला. मान वाकडी करून माझ्या पाठीमागे डोकावायचा प्रयत्न केला.

“जेवायचा रे, जेवायचा,” उकंडराव प्रेमाने म्हणाले.

भालूने हात बदलला.