माझ्यावरून न उठणारी बेगाय

मित्रांनो, जरा अलीकडे सरकून बसा. त्या कोपऱ्यात माझी शिवण उसवली आहे आणि तुमच्यापैकी कोणाला तरी तिथे बोट घालायचा मोह होणारच. मी एक जुना शिर्दाक आहे. शिर्दाक म्हणजे लोकर थापून केलेला जाड गालिचा. नारिनच्या डोंगरातल्या एका गावच्या बालबागेत, म्हणजे तुमच्या भाषेत बालवाडीत, मी इतकी वर्षं जमिनीवर पडून आहे, की माझ्यावर बसून गेलेल्या मुलांची मुलं आता माझ्यावर बसतात. थकलो आहे मी. लपवण्यात काय अर्थ आहे?

तरुणपणी मी देखणा होतो. गावातल्या बायकांनी मेंढ्यांची लोकर काठ्यांनी झोडपली, बोरूच्या चटईवर पसरली, उकळतं पाणी ओतलं, गुंडाळी केली आणि घोड्यामागे बांधून दिवसभर माळावर फिरवली. मग एक लाल थर आणि एक काळा थर एकावर एक ठेवून सुरीने मेंढ्याची शिंगं कापली आणि लालात काळी, काळ्यात लाल अशी बसवून शिवली. असा गालिचा आमच्याकडे लेकीबरोबर सासरी जातो. मी मात्र सगळ्या गावच्या मुलांसाठी होतो. शिवताना एक म्हातारी कुरकुरली, "मुतणार पोरं ह्याच्यावर. कशाला एवढी बारीक शिवण घालता?" दुसरी मान वर न करता म्हणाली, "मुतू दे. तुझी पोरं काय सोन्याची फुलं टाकायची?" पहिलीचं म्हणणं पुढे खरं ठरलं.

माझं काम ऐकायला सोपं आहे. मुलांना बसवायचं. एका मुलाला एक शिंग. आपलं शिंग सोडून दुसऱ्याच्या शिंगावर बसायचं नाही. हा नियम सायकाल एजेने घातला. एजे म्हणजे ताई. सायकाल आमची शिक्षिका, मुलं तिला एजेच म्हणतात. पूर्वी तिच्या हाताखाली एक मदतनीस होती, ती लग्न करून शहरात गेली आणि तिच्या जागी कोणी आलंच नाही. तेव्हापासून सायकाल एकटीच बूट काढते, नाकं पुसते, ज्वारीएवढ्या दाण्यांची पातळ लापशी भरवते, भांडणं सोडवते आणि त्यातून वेळ उरला तर शिकवते.

तिची पद्धत मी जवळून पाहिली आहे. मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला की ती ओरडत नाही, उलट कुजबुजायला लागते. मग मुलं एकमेकांना गप्प करतात, कारण आपल्याला सोडून एजे काहीतरी भारी सांगतेय असं प्रत्येकाला वाटतं. एर्मेक नावाचं एक वादळ आहे, त्याला ती नेहमी अगदी आपल्या गुडघ्याशी बसवते आणि चमचे मोजायला देते. हात गुंतलेले असले की तो चावत नाही. पण हे सगळं करताना संध्याकाळपर्यंत तिच्या नाकी नऊ येतात. शेवटचं मूल घरी गेलं की ती मला गुंडाळते, भिंतीला उभा करते आणि काही वेळ माझ्यावर कपाळ टेकून नुसती उभी राहते. दोन थकलेले जीव एकमेकांना काय धीर देणार?

गेल्या हिवाळ्यात बेगाय आली. चार वर्षांची, गोल चेहऱ्याची. तिची आजी उमसुनाय तिला घेऊन आली. दारापाशीच्या काळ्या शिंगावर तिला बसवलं, गालाचा वास घेतला आणि दूध गोळा करायच्या केंद्रावर कामाला पळाली. बेगाय बसली, आणि संध्याकाळी आजी येईपर्यंत तशीच बसून राहिली. लापशी तिथेच खाल्ली. दुपारी सगळी मुलं खाटांवर झोपली तेव्हा ती माझ्यावरच आडवी झाली. सायकालने पाय धुवायला उचलून नेलं तर गेली, पण सोडल्याबरोबर परत त्याच शिंगावर येऊन बसली.

ना रडणं, ना चावणं, ना ढकलणं. सायकालला काय वाटलं असेल, सांगा बरं. सुटल्यासारखं वाटलं. "एक तरी शहाणं मूल दिलंस रे देवा," असं ती बोलूनसुद्धा गेली. पालक आले की त्यांना ती बेगाय दाखवायची. मलाही ती आवडायची. माझी शिंगं ती बोटाने गिरवत बसायची, आणि इतक्या वर्षांत माझ्याकडे कोणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. असा हिवाळा निघून गेला.

मग बर्फ वितळलं. आमच्याकडे ऊन पडलं की मुलांना अंगणात न्यावंच लागतं, नाहीतर ती भिंती खातील. सायकालने सगळ्यांना बूट घातले, टोप्या बांधल्या, रांग केली. बेगाय हलेना. गाणं म्हणून झालं, खिशातला सुका चीजचा गोळा दाखवून झाला, हात धरून झाला. उचलून अंगणात नेलं तेव्हा मात्र तिने असा टाहो फोडला, की शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. तिला आत ठेवावं तर तिच्याजवळ कोण थांबणार? आणि सायकाल थांबली तर बाहेर एर्मेक कुंपणावर चढणार. म्हणून सगळा वर्ग आतच राहिला. दुसऱ्या दिवशीही तसंच. कोंडलेल्या मुलांनी मला अक्षरशः तुडवलं.

मुख्य बाई तुरसुनाय दारात येऊन उभ्या राहिल्या. वाईट बाई नव्हेत त्या, पण त्यांच्याही डोक्यावर छप्पर गळत होतं.

"एका मुलीपायी बाकीचे किती दिवस कोंडायचे, सायकाल?"

"थोडं थांबा. येईल ती बाहेर."

"मदतनीस मिळत नाही, तुला माहीत आहे. ही सोमवारपासून बाहेर आली तर ठीक. नाहीतर आजीला सांग, मोठी झाल्यावर आण."

मोठी झाल्यावर म्हणजे कधी, हे मुख्य बाईंनी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी सायकालने उमसुनाय आपाला, आपा म्हणजे वडीलधारी बाई, सगळं सांगितलं. म्हातारी मटकन माझ्यावर बसली.

"अगं, मग तिला ठेवू कुठे? बालबागेत आणायच्या आधी घराला कुलूप घालून जायचे मी. आत ती एकटी. परत तेच करू का?"

"आपा, ती अशी बसते का? घरीही अशीच असते?"

म्हातारी बेगायच्या टोपीच्या गाठीशी खेळत राहिली. मग म्हणाली, "तिचा दोरा कापलेला नाही."

मित्रांनो, हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे मूल पहिली पावलं टाकू लागलं की त्याच्या पायांना काळ्यापांढऱ्या लोकरीचा दोरा बांधतात. गावची पोरं लांबून पळत येतात, जो पहिला पोचतो तो दोरा कापतो, आणि मग मुलाला हात धरून चालवतात. मूल दोरा कापणाऱ्याच्या वळणावर जातं म्हणतात. बेगाय चालू लागायच्या आतच तिची आई जिल्दिझ मॉस्कोला कामाला गेली होती. जाताना म्हणाली होती, मी आल्याशिवाय दोरा कापू नका, ते मला बघायचंय. आज येते, उद्या येते करता करता बेगाय चार वर्षांची झाली.

"कुलूप घालून जाताना मी तिला सांगायचे," उमसुनाय आपा खाली मान घालून म्हणाली, "की आई येईल, दोरा कापेल, तोवर हलू नकोस. म्हणजे ती चुलीकडे जाऊ नये, विहिरीकडे जाऊ नये म्हणून गं. मी काय करणार होते एकटी?"

सायकालने बेगायकडे पाहिलं. बेगाय माझं शिंग गिरवत होती. "बेगाय, बाहेर का येत नाहीस गं?" तिने विचारलं. इतके महिने हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. शहाण्या मुलाला कोण काय विचारतं?

"मी हलले तर आईला सापडणार नाही," बेगाय म्हणाली.

सायकाल बेगायशेजारी माझ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, "आपा, दोरा कापू या. इथे, ह्या मुलांमध्येच."

"जिल्दिझला शब्द दिलाय मी. तिला तेवढं एकच बघायचं होतं."

"मग तिलाच विचारा. लेक तिची आहे."

विचारलं. मला कळलं ते एवढंच, की जिल्दिझ फोनवर खूप रडली, भांडली आणि शेवटी हो म्हणाली.

शनिवारी कार्यक्रम ठरला. मला अंगणात नेऊन बडवलं, पुन्हा खोलीत अंथरलं. उमसुनाय आपाने तळलेल्या पिठाचे गोळे आणले, तुरसुनाय बाईसुद्धा चहा घेऊन आल्या. बेगायच्या पायांना काळापांढरा दोरा बांधला. सायकालने मुलांना फाटकापाशी उभं केलं. तिच्या मनात होतं, अल्तिनाय पहिली यावी. शांत, समंजस, लांब पायांची मुलगी. पण चाळीस पायांचा गोंधळ दारातून आत घुसला, चिखलासकट माझ्यावर आदळला, आणि सगळ्यांना कोपराने बाजूला सारत पहिला पोचला तो एर्मेक.

उमसुनाय आपाने कपाळावर हात मारला. "हा नको गं. ह्याच्या वळणावर गेली तर?"

"जाऊ दे की," सायकाल म्हणाली. "हा एका जागी बसत नाही."

एर्मेकच्या हातात सुरी देताना तिने त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. दोरा कापला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बेगायने दोऱ्याचे दोन तुकडे पाहिले, दाराकडे पाहिलं आणि होती तिथेच बसून राहिली.

मित्रांनो, टाळ्या विरून जातात तेव्हा फार वाईट वाटतं. तुरसुनाय बाईंनी चहाची वाटी खाली ठेवली. सोमवार उद्याचा सोडून परवावर आला होता. सायकालचे खांदे असे उतरले, की मला वाटलं आता ही बाई खालीच बसेल. पण ती फक्त म्हणाली, "आपा, जिल्दिझला फोन लावा आणि बेगायसमोर धरा."

फोनमध्ये जिल्दिझ होती. कसल्याशा दुकानाच्या मागच्या खोलीत, खोक्यांमध्ये उभी, अंगात कामाचा झगा. लेकीला तिने नीट पाहून घेतलं.

"बेगाय, दोरा कापला ना?"

"हो. तू नव्हतीस."

"नव्हते. माझं ऐक. आता तू पळ."

"मग तू मला कशी शोधशील?"

जिल्दिझ फोनच्या अगदी जवळ आली. "मी तुझी आई आहे गं. तू फाटकापाशी असलीस तरी शोधीन, नदीपाशी असलीस तरी शोधीन. शोधायचं काम माझं. तू बसून राहायचं नाहीस. ऊठ."

बेगाय उठली. हे मी अंगावर अनुभवलं म्हणून सांगतो, आधी एक टाच उचलली गेली, मग दुसरी. तिने माझी कड ओलांडली, उंबरा ओलांडला, आणि एर्मेकने अंगणातून हाक मारताच ती सुटली. पाठोपाठ सगळी मुलं, त्यांच्यामागे बूट हातात घेऊन ओरडणारी सायकाल. "बूट! अगं, बूट तरी घाल!" दमलेल्या माणसाने एवढ्या आनंदाने ओरडलेलं मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

खोलीत उरलो आम्ही दोघं, मी आणि उमसुनाय आपा. तिच्या हातात फोन तसाच होता, माझ्याकडे तोंड केलेला.

"आई, मला ती दिसत नाहीये," फोनमधून आवाज आला. "नुसता गालिचा दिसतोय."

"बाहेर पळाली गं. आता कशी दिसेल?"

जिल्दिझ म्हणाली, "फोन असाच धर थोडा वेळ." आणि तिची लेक जिथे बसत होती ते काळं शिंग ती बघत राहिली. बाहेरून बेगायच्या हसण्याचा आवाज येत होता, तो तिला ऐकू जात होता की नाही, मला माहीत नाही.

मित्रांनो, मला झटका, धुवा, उन्हात घाला, एवढं तर तुम्ही करालच. पण माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या वर्गात एखादं मूल दिवसभर शहाण्यासारखं एका जागी बसलेलं असेल. बाईंना ते दिसेलच असं नाही, बाई दमलेल्या असतात. तुम्ही त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि हळूच विचारा, तू कोणाची वाट बघतोयस?