काहीच न करणारी कुपी

मित्रांनो, मी आता जुनी झालेय. पांढऱ्या टोपणाची, तळहातात मावणारी प्लॅस्टिकची कुपी. प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात, डाव्या कोपऱ्यात माझी जागा आहे. पोटात जेमतेम चमचाभर पाणी उरलंय. इतर वस्तूंच्या कहाण्या तुम्ही वाचल्या असतील. कुणी शेत नांगरलं, कुणी वेळ दाखवली, कुणी पूर अडवला. माझं तसं नाही. काहीच न करणं हेच माझं काम. हसू नका, ते वाटतं तितकं सोपं नसतं.

माझ्या पोटात प्रतिपिंडं आहेत. ती कशाला लागतात तेवढं आधी सांगते. शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात, ‘इकडे संकट आलंय, धावा’ असा. निरोप घेऊन जाणाऱ्याला सायटोकाइन म्हणतात. कधी कधी संकट टळतं, तरी हा गडी बोंबलत सुटतो, आणि पेशी धावपळ करून स्वतःच्याच घराची नासधूस करतात. प्रतिपिंड त्याला वाटेत गाठतं आणि गप्प बसवतं. असं प्रतिपिंड बनवणारी एकच पेशी निवडतात, तिची लेकरं बाटलीत वाढवतात आणि त्यांनी सोडलेलं प्रतिपिंड गाळून, धुऊन शुद्ध करतात.

आम्हाला ताईने बनवलं. प्रयोगशाळेत सगळेच तिला ताई म्हणत, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. तिची पीएचडी शेवटाला आली होती. आतड्याला सूज आलेल्या उंदरांमध्ये असाच एक निरोप्या फार माजतो, त्याला धरला तर उंदीर बरे होतील, असं तिचं म्हणणं होतं. त्या निरोप्याला धरणारं प्रतिपिंड हिरव्या टोपणाच्या कुपीत गेलं. माझ्या पोटातलं प्रतिपिंड दिसायला हुबेहूब तसंच, पण ते ज्याला धरतं ते उंदराच्या अंगात नसतंच. शिपाई तोच, वर्दी तीच, खिशात फोटो मात्र परगावच्या चोराचा! मग मी कशाला? तर उंदराला हातात धरलं, सुई टोचली, अंगात थोडं प्रथिन गेलं, एवढ्यानेही त्याच्यात फरक पडू शकतो. तो फरक माझ्या उंदरांत दिसतो. त्याहून जास्त जे दिसेल ते हिरवीचं श्रेय. या कामाला ‘कंट्रोल’ म्हणतात.

हिरवी लाडकी, मी नावडती. नावडतीचं मीठ अळणी, तसं माझं. हिरवी काढताना ताई दोन्ही हातांनी धरायची आणि मला मात्र दोन बोटांत उचलायची. मी रागावले नाही. माझ्याकडून कुणाची अपेक्षाच नव्हती, त्यामुळे अपेक्षाभंगही नव्हता.

कंट्रोलच्या कुप्या मात्र दोन होत्या. एक मी आणि दुसरी माझी जुळी बहीण. आमच्याकडे रीत अशी की चाचणीच्या ताटल्यांसाठीची, म्हणजे ज्या प्लॅस्टिकच्या ताटल्यांत नमुने तपासतात त्यांच्यासाठीची कुपी फ्रिजमध्ये ठेवायची. ती सारखी उघडतात, म्हणून आतलं नासू नये यासाठी तिच्यात एका विषारी मिठाचे थेंब टाकतात. ताटलीला विषाचं काय? ती मी. उंदरांना टोचायची कुपी बिनविषाची, गोठवून डीप फ्रीझरमध्ये. ती माझी बहीण. दोघींची टोपणं पांढरी, दोघींवर ताईच्या अक्षरात एकच शब्द. कोण कुठली हे आमच्या जागेवरूनच ओळखायचं.

एके दिवशी डीप फ्रीझर बंद पडला. प्रयोगशाळेत एकच आरडाओरडा झाला. ताईने आतलं सगळं बर्फाच्या डब्यात भरलं, फ्रिजमधलंही खालीवर करून जागा केली. फ्रीझर दुरुस्त झाल्यावर गार पडलेल्या बोटांनी तिने सगळं परत लावलं. बहीण फ्रिजमध्ये गेली आणि मी फ्रीझरमध्ये. कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या धांदलीत माझ्याही लगेच आलं नाही.

पुढे प्रयोग सुरू झाला. अर्ध्या उंदरांना हिरवी, अर्ध्यांना मी. निकाल असा आला, की विचारू नका! हिरवीचे उंदीर निदान पिंजऱ्यात हिंडत-फिरत होते, माझे कोपऱ्यात अंगाचा गोळा करून बसले होते. त्यांचं वजन उतरलं, केस विस्कटले, दोन-तीन तर गेले.

ताईच्या सरांना खूश झाले की शीळ घालायची सवय. त्या दिवशी ती शीळ फ्रीझरच्या दाराआडही ऐकू आली.

“जिंकलीस, बाई! हा फरक बघून लोक तोंडात बोटं घालतील,” सर म्हणाले.

“अजून एकदा करून बघू का, सर?”

“कर की. पण लिहायला घे आता. मी दोन-चार जणांना सांगूनही टाकलंय.”

ताईने आईला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवून काम करत बसली. आईला भारी आनंद झाला. “मला ठाऊकच होतं. आणि ऐक, ते नवीन तेल आणलंय ना, उजव्या गुडघ्याला लावते. काय गुण आलाय म्हणून सांगू!”

“बरं झालं गं,” ताई हसून म्हणाली. त्या दिवशी तिला सगळ्याच औषधांचा गुण येत होता.

दुसऱ्या वेळी नवे उंदीर आले. पद्धत अशी, की पहिली सुई आधी टोचायची आणि सूज आणणारं पाणी दुसऱ्या दिवसापासून प्यायला द्यायचं. एरवी ताई सुया टोचून, पिंजरे रॅकवर ठेवून निघून जायची. त्या दिवशी वजनकाट्याचा सेल संपला. तो आणायला कुणीतरी गेलं आणि ताई स्टुलावर बसून राहिली. नुसती बसून राहिली, म्हणूनच तिला दिसलं.

माझे उंदीर थोड्याच वेळात अंग आखडून बसले. श्वास जोरात, डोळे अर्धवट मिटलेले. शेजारच्या पिंजऱ्यात हिरवीचे उंदीर लाकडाचा भुसा उकरत होते.

“अरे, तुम्हाला काय झालं?” ताई म्हणाली. “तुम्हाला अजून आजार दिलेलाच नाही!”

मग तिने एक धडधाकट उंदीर घेतला आणि त्याला माझ्यातलं पाणी टोचलं. तोही बसला. काहीच न करणारी कुपी काहीतरी करत होती.

ती उठली ती थेट फ्रिजकडे. मधल्या कप्प्यातून तिने माझ्या बहिणीला काढलं आणि दिव्यासमोर धरलं. बहिणीच्या पोटातलं पाणी गढूळ झालं होतं. थेंबांशिवाय फ्रिजमध्ये राहिली, उघडझाप झाली, आणि नासली. तिच्याशेजारी ताईने मला धरलं. मी नितळ. विष असतंच तसं, त्यात काही नासत नाही.

आता काय झालं ते तिला स्वच्छ कळलं. हिरवीचे उंदीर बरे झाले नव्हते, माझे जास्त आजारी पडले होते. हा सगळा फरक तिच्या स्वतःच्या हातांनी झाला होता, आणि जगात हे तिच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

आईचा फोन तिने दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला.

“आई, घोळ झालाय. माझ्याच हातून.”

“मोठा?”

“पहिलाच सगळा निकाल खोटा निघाला. आणि सरांनी तर सांगून टाकलंय सगळ्यांना.”

“मग जा आणि सांग. ओरडतील, दुसरं काय करतील? पण आधी दोन घास खा. उपाशीपोटी शिव्या फार लागतात.”

ताई खायचं विसरली, पण गेली. आम्हा दोघींना हातात घेऊनच गेली. सरांनी गढूळ कुपी पाहिली, नितळ कुपी पाहिली आणि दोन्ही टेबलावर ठेवल्या.

“झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील तुला,” ते म्हणाले.

“मूठ उघडली ना, सर.”

“हो. दिसतंय मला.” ते चिडले होते, आणि चिडले नसते तरच नवल. “आता ज्यांना सांगितलं त्यांना परत सांगायचं माझ्या नशिबी आलं. आणि तुला नवा कंट्रोल करायला लागेल. अगदी पहिल्यापासून.”

ताईने नव्याने पेशी वाढवल्या, नव्याने प्रतिपिंड गाळलं, थेंब घातले नाहीत. प्रयोग परत झाला. मित्रांनो, इथे मला खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. हिरवीचे उंदीर आणि नव्या कंट्रोलचे उंदीर अगदी सारखे निघाले. सारखीच सूज, सारखंच वजन. ज्या निरोप्याला धरण्यात ताईची वर्षं गेली, तो निरोप्या दोषी नव्हताच. लाडकी आणि नावडती एका मापाच्या ठरल्या. ताई त्या दिवशी मांडीवर हात ठेवून रडली. मग तोंड धुतलं आणि ‘या उपायाने फरक पडत नाही’ असं लिहायला बसली. ते कुणाला फारसं आवडत नाही, पण ते खरं होतं. पदवी मिळाली, जरा उशिराने. सरांची शीळ बरेच दिवस ऐकू आली नाही. मग एकदा आली.

माझ्या पोटातल्या विषाने गेलेल्या उंदरांबद्दल कुणी काही लिहिलं नाही. मी लक्षात ठेवलंय. त्यांचं जाणं फुकट गेलं, कारण त्यांनी सांगितलेलं कुणी वेळेवर ऐकलं नाही.

ताईने मला फेकलं नाही. नवी चिठ्ठी चिकटवली, ‘ताटल्यांसाठी, उंदरांना नाही’, आणि लाल टोपण बसवायचा विचार करून पांढरंच ठेवलं. प्रयोगशाळेत कुणी नवा निकाल घेऊन नाचत आला की ती एकच विचारते, “आणि कंट्रोल?” घरीही तेच. परवा स्पीकरवर आईचा आवाज आला.

“तू सांगितलंस तसं केलं गं. उजव्या गुडघ्याला तेल लावून चोळलं, डाव्याला नुसतंच चोळलं.”

“मग?”

“दोन्हींचं दुखणं सारखंच थांबलं.” आई पुढे म्हणाली, “तेलाची बाटली ठेवून दिली. चोळायला मात्र तू ये. तुझ्या हातचं चोळलं की कसं वाटतं, तेही बघायला हवं ना?”

ताई हसली. मग खरंच सुट्टी टाकून गेली. निघण्याआधी मला फ्रिजमध्ये, माझ्या जागेवर ठेवलं. या वेळी दोन्ही हातांनी.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं. कुणाचं कौतुक करायला निघालात, तर आधी त्याच्या शेजारी गप्प बसलेल्याला बघून या. आमच्यासारख्यांना नीट ठेवा, स्वच्छ ठेवा, जागच्या जागी ठेवा. आम्ही काहीच करत नाही म्हणून तर तुम्ही काय करता ते कळतं.