दीड बोटं वाढलेला पाय

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढच्या रांगेतले लोक खुर्च्यांवर चढले, म्हणून मागचे खिडक्यांत चढले. स्टेजवर एक गवंडी खुर्चीत बसला होता आणि त्याची दोन्ही पावलं प्रवचनकाराच्या हातात होती. बुटांचे तळवे जुळवून त्याने सगळ्यांना दाखवले. डावा पाय चांगला बोटभर आखूड.

“सैतानाने या बंधूचं एक बोट चोरलंय,” प्रवचनकार माईकमध्ये म्हणाला. “तक्रार वर गेली आहे. निकाल आत्ता लागेल.”

मग डोळे मिटून त्याने “वाढ, वाढ” असा धोशा लावला आणि आखूड पाय सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या बरोबरीला आला. हॉल दणाणून गेला. मी शेवटच्या भिंतीला टेकून उभा होतो आणि माझ्या पोटात दुखत होतं. दुखणं कसलं, ते मला पक्कं ठाऊक होतं. मी जळत होतो.

मी बूट शिवतो. दुकानामागच्या खोलीत अकरा वर्षं दर रविवारी आमची प्रार्थना होते. तीस माणसं, सहा बाकं. कुणी आजारी पडलं की आम्ही पाळ्या लावून जातो, कुणी घर बदललं की कपाटं उचलतो. यालाच मी प्रभूचं शिष्यत्व म्हणायचो, आणि जरा मान ताठ करूनच म्हणायचो. मग कोपऱ्यावरच्या फर्निचरच्या गोदामाचा हॉल झाला आणि हा माणूस आला. त्याच्या चकचकीत बुटांवरून मी त्याचं नाव पॉलिश ठेवलं. दोन महिन्यांत माझ्या तिसांतले एकवीस त्याच्याकडे गेले. पहिला गेला इस्त्रीवाला. त्याच्या आईला मी महिनाभर दवाखान्यात उचलून ने-आण केली होती. तो म्हणाला, “तुमच्याकडे काही घडत नाही हो.” ते वाक्य मला अजून टोचतं.

पॉलिशची लबाडी मला मी पहिल्यांदा गेलो त्या गवंड्याच्या रविवारीच कळली. लोक त्याच्या तोंडाकडे बघत होते, मी सवयीने बुटांकडे. तरी मी गप्प बसलो. बोललो असतो तर जळतोय म्हणाले असते, हे एक कारण. दुसरं खरं. तो अजून वर चढावा आणि मग सगळ्यांसमोर तोंडावर आपटावा, अशी माझी इच्छा होती.

पुढच्या रविवारी माझी धाकटी बहीण त्या खुर्चीत बसली.

ती माझ्याच दुकानात मशीनवर बुटांचे वरचे भाग शिवते. लहानपणीच्या दुखण्यात तिचा डावा पाय दीड बोटं आखूड राहिला. त्या पायाचा जाड तळव्याचा बूट मी दर वर्षी स्वतः करतो, घोट्यापर्यंत नाडी आवळायचा. स्टेजच्या पायरीशी पॉलिशच्या सेवकांनी तो उतरवला आणि तिला ‘कृपेचे जोडे’ घातले, सैलसर, बिननाडीचे. पाय वाढला. बहीण ओक्साबोक्शी रडली. पॉलिशने तिला बजावलं की आता जाड तळवा घालणं म्हणजे देवावर अविश्वास.

सोमवारी ती सपाट चपला घालून दुकानात आली. लंगडत होती आणि हसत होती. तरीही मी बोललो नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिला मशीनवर अर्धा तास बसवेना. दुखतंय का विचारलं तर म्हणाली, “दुखतं म्हटलं तर विश्वास कमी पडल्यासारखं होईल, दादा.” दोन दिवसांनी दुकानाच्या पायरीवरून तोल जाऊन पडली. डॉक्टरांनी सांगितलं की मोडलं काही नाही, पण अशीच चालत राहिली तर कंबर कायमची जाईल.

त्या रविवारी तिचा हात धरून मी सरळ स्टेजवर गेलो. पॉलिश गोड हसला. “रिकाम्या बाकांचं दुःख घेऊन आलेत हे. मत्सराचा आत्मा आहे, बंधुभगिनींनो. प्रार्थना करा यांच्यासाठी.” हॉल हसला. इस्त्रीवाला सगळ्यांत मोठ्याने हसला.

“मला मत्सर वाटतो,” मी माईकमध्ये म्हणालो. “ही गर्दी बघून मला अन्न गोड लागत नाही. पण माझ्या जळण्याने हिच्या पायाची लांबी बदलत नाही. ती टेपने मोजता येते.”

हसू थांबलं. मी इस्त्रीवाल्यालाच वर बोलावलं आणि टेप त्याच्या हातात दिली. कमरेच्या हाडापासून घोट्याच्या हाडापर्यंत त्याने दोन्ही पाय मोजले, पुन्हा मोजले. दीड बोटांचा फरक जिथल्या तिथे होता. मग मी पॉलिशला म्हणालो की कुणाच्याही बुटांच्या नाड्या मी आवळतो, त्यानंतर एक पाय वाढवून दाखवा. देवाची परीक्षा घ्यायची नसते, असं सांगून तो पाणी प्यायला गेला.

मी इस्त्रीवाल्याला खुर्चीत बसवलं, कृपेचे जोडे घातले आणि त्याचा पाय दोनदा वाढवला. युक्ती पोरखेळाची आहे. पावलं हातात धरताना एका पायाचा बूट टाचेपासून थोडा बाहेर ओढायचा, म्हणजे दुसरा पाय आखूड दिसतो. प्रार्थना करता करता बूट हळूच आत सारायचा, की दोन्ही सारखे. बहिणीसारखा खरोखर आखूड पाय असेल तर त्याच पायाचा बूट बाहेर ओढून धरायचा. बघणाऱ्याला दिसतात ते बुटांचे तळवे, पाय आपल्या जागीच असतो. म्हणून तर नाडीवाले बूट पायरीशीच उतरवले जात.

घरी येताना मी भलताच खुशीत होतो. दारात थांबून बहिणीने विचारलं, “तुला हे कधी कळलं?”

खोटं बोलावंसं वाटलं. “पहिल्या रविवारी,” मी म्हणालो.

“म्हणजे मी बसायच्या आधी.”

मी मान हलवली.

“त्याने मला अर्धा तास फसवलं,” ती म्हणाली. “तू तीन आठवडे मला लंगडताना बघत होतास.”



पुढच्या रविवारी खोलीत चौदा माणसं होती, इस्त्रीवालाही. हे सगळं मी त्यांना सांगितलं, माझ्या गप्प बसण्यासकट. आणि एवढंच म्हणालो, की कुणी चमत्कार दाखवला तर आधी मोजा, उलटून बघा, प्रश्न विचारा. खऱ्या विश्वासाला टेपची भीती नसते. दुखत असेल तर दुखतंय म्हणा आणि डॉक्टरकडे जा. आणि दुसऱ्याची फसवणूक होताना दिसली तर त्याच दिवशी तोंड उघडा. आपण कसल्या हिशेबाने गप्प बसलोय, हेही तपासून बघा. मी ते तपासलं नव्हतं.

बहीण उठली आणि माझ्या हातातलं बायबल तिने काढून घेतलं.

“आजपासून वाचन मी करणार,” ती म्हणाली. “दादा, तू खाली बस.”

मी इस्त्रीवाल्याशेजारी बाकावर बसलो.