गुलाबाच्या साबणाने धुतलेला लोटा

मित्रांनो, नाक धुण्यासाठीही वेगळं भांडं असतं हे ऐकून तुम्हाला हसू आलं असेल, तर खुशाल हसा. मला त्याची सवय आहे. मी तेच भांडं आहे. चिनीमातीचा, पांढऱ्या झिलईचा, एका बाजूला लांब तोटी असलेला एक जुना लोटा. माझ्या काठाचा एक टवका उडालेला आहे आणि माझ्या मनात एक गोष्ट बरीच वर्षं सलते आहे. तीच आज सांगतो.

मला घडवलं एका घाईतल्या कुंभाराने. झिलई देताना तोटीच्या मुळाशी, अगदी आतल्या बाजूला, बोटाच्या पेराएवढी जागा कोरडीच राहिली. त्याने मला उजेडाकडे धरून पाहिलं, ‘आत कोण बघतंय’ असं पुटपुटला आणि भट्टीत ठेवून दिलं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. बाहेरून मी देखणा होतो, आणि तेवढ्यावर मी खूश होतो.

माझे धनी साबणाच्या एका छोट्या कारखान्यात कामाला होते. तिथे त्यांना सगळे ‘नाकवाले’ म्हणत, कारण त्यांचं कामच वास घेण्याचं होतं. कढईत साबण शिजला की त्यात सुवासाचं तेल पडायचं. मग नाकवाले कागदाच्या पट्टीवर थोडा साबण घेऊन हुंगायचे आणि ‘झालं’ किंवा ‘अजून’ म्हणायचे. त्यांच्या एका शब्दावर अख्खी कढई साच्यात ओतली जायची. अशा माणसाचंच नाक चोंदलं! कपाळ ठणकायचं, गालांची हाडं दुखायची, आणि वास तर पार हरवला. नाक-कान-घसा तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी तपासून औषध दिलं आणि जोडीला मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं. दुकानातून मी घरी आलो तो असा.

त्यांची धाकटी लेक मला पाहून म्हणाली, “बाबा, हा तर सोंड्या!” तेव्हापासून त्या घरात माझं नाव सोंड्या पडलं.

माझं काम सोपं होतं, पण शिस्तीचं होतं. नाकवाल्यांच्या पत्नी पाणी चांगलं उकळून घेत, कोमट होईपर्यंत झाकून ठेवत आणि पेलाभर पाण्याला सपाट पाव चमचा मीठ विरघळवून मला भरत. मग नाकवाले बेसिनवर ओणवे होत, मान एका अंगाला कलती करत, तोंडाने श्वास घेत आणि माझी तोटी वरच्या नाकपुडीला लावत. पाणी एका नाकपुडीतून जाई आणि दुसरीतून बाहेर पडे. पहिल्या दिवशी ते इतके शिंकले, की शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून “जीव सांभाळा हो!” म्हणून हाक दिली. पण दोन आठवड्यांत डोकं हलकं झालं. एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात थबकले आणि म्हणाले, “अगं, दूध लागतंय खाली.” खरोखरच लागत होतं! त्या दिवशी करपलेल्या दुधाचं त्या घरात जेवढं कौतुक झालं, तेवढं कधी सायीचंही झालं नसेल. माझंही झालं. नाकवाले मला पुसून म्हणाले, “या सोंड्याने माझी भाकरी वाचवली.” मला आभाळ ठेंगणं झालं.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की वापर झाला की मला उकळलेल्या पाण्याने धुवायचं, उपडं घालून पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, आणि मी एकाच माणसाचा, घरातल्या दुसऱ्या कुणी मला वापरायचं नाही. काही महिने हे सगळं अगदी नेमाने चाललं.

मग कारखान्यात गुलाबाच्या साबणाची मोठी मागणी आली. कामगारांनाही घरी न्यायला थोड्या वड्या मिळाल्या. नाकवाल्यांना त्या साबणाचा भारी अभिमान. एका सकाळी ते म्हणाले, “साबणवाल्याच्या घरात लोटा नुसत्या पाण्याने धुवायचा? लोक काय म्हणतील!”

“बेसिनपाशी कोण लोक येणार आहेत बघायला?” पत्नी म्हणाल्या.

पण नाकवाल्यांनी वडी बोटाला घासली आणि माझ्या आत तोटीच्या मुळापर्यंत बोट फिरवलं. मग ते रोज तसं करू लागले. फेस पाण्याबरोबर निघून जायचा, पण वास राहायचा. ती कोरडी, झिलई नसलेली जागा गुलाबाचा वास पिऊन घ्यायची आणि दुसऱ्या दिवशीच्या कोमट पाण्यात सोडायची. मला कळत होतं, मित्रांनो. सांगता येत नव्हतं.

रोज गुलाबाच्या पाण्याने धुतलेलं नाक गुलाबालाच सरावलं. कारखान्यात पट्टी हुंगली की नाकवाल्यांना वास फिका वाटायचा. “अजून घाला,” ते सांगायचे.

तेल मोजून घालण्याचं काम एक बाई करत असत. सतरा वर्षं त्या काचेच्या पेल्याने माप घेत होत्या, म्हणून त्यांना सगळे ‘मापताई’ म्हणत. डोळ्याच्या रेषेत पेला धरून, श्वास रोखून, रेघेला टेकलं की थांब, असं त्यांचं काम. त्या नाकवाल्यांना म्हणाल्या, “भाऊ, माप बरोबर आहे. मी दोनदा बघितलंय.”

“ताई, माप तुमचं, पण नाक माझं,” नाकवाले म्हणाले. “तुमच्याकडून कमी पडतंय कुठेतरी. घाला अजून.”

हे मला कसं ठाऊक? नाकवाले संध्याकाळी बेसिनवर हात धुताना दिवसभराचं सगळं पत्नीला सांगत. तेव्हा ते हसत सांगत होते.

महिन्याभरात दुकानांतून खोकीच्या खोकी परत आली. साबण इतका उग्र झाला होता की कुणाचं डोकं दुखलं, कुणाच्या अंगावर पुरळ उठलं. मालकांनी दोघांनाही बोलावलं. नाकवाले छातीवर हात ठेवून म्हणाले, “माझं नाक चुकलेलं नाही. मापातच घोळ असणार.” तेव्हा ते खोटं बोलत नव्हते, त्यांना तसंच वाटत होतं. नाकवाल्यांचा शब्द मोठा होता. गुलाबाचा साबण तूर्त बंद झाला, मापताईंच्या हातातून पेला गेला आणि त्यांना वड्यांना कागद गुंडाळायच्या टेबलावर बसवलं. दोन महिने त्या खाली मान घालून कागद गुंडाळत राहिल्या आणि मग कामच सोडून गेल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पत्नी मला भरत होत्या. कोमट पाण्याची वाफ त्यांच्या तोंडावर आली आणि त्या थांबल्या. “अहो, याला गुलाबाचा वास येतोय.”

नाकवाल्यांनी मला नाकाशी धरलं, मग पुन्हा धरलं. “मला तर काहीच येत नाही.”

“मला दारातूनसुद्धा येतोय.”

त्यांचा चेहरा उतरत गेलेला मी जवळून पाहिला. तेव्हापासून त्यांनी मला साबण लावला नाही. चार दिवस उकळत्या पाण्यात भिजवून ठेवलं, तेवढे दिवस नाक धुतलं नाही. मग कारखान्यात जपून ठेवलेली त्या वेळची एक वडी काढून त्यांनी हुंगली. घरी येऊन ते पत्नीला एवढंच म्हणाले, “डोळ्यांतून पाणी आलं गं. ताईंचं माप बरोबर होतं.”

“मग उद्या सांगाल ना मालकांना?”

“सांगतो. जरा वेळ बघून सांगतो.”

ती वेळ काही आली नाही. आधी नवी मागणी आली, मग मालक गावाला गेले, मग ‘आता इतके दिवस झाले, उगाच जुनं कशाला उकरायचं’ असं झालं. पडलो तरी नाक वर, म्हणतात ना, तसलंच. पत्नी दोन-तीनदा बोलल्या आणि मग गप्प झाल्या. नाकवाल्यांना माझ्याकडे बघवेना. त्यांनी प्लॅस्टिकची पिळायची बाटली आणली आणि मला कपाटाच्या माथ्यावर टाकलं. माझ्या पोटात गंजके स्क्रू आणि एक बंद पडलेला बल्ब आला. मी तिथे तीन वर्षं होतो. रागही आला आणि लाजही वाटली, कारण तो वास मीच धरून ठेवला होता.

आणि एका दुपारी दारात मापताई उभ्या राहिल्या.

त्या खूप वाळल्या होत्या. चहा झाल्यावर संकोचून म्हणाल्या, “भाऊ, माझंही नाक सारखं चोंदतं. डॉक्टरांनी तुमच्यासारखं धुवायला सांगितलंय, पण मला जमेल का याची भीती वाटते. एकदा दाखवता का?” पिशवीतून त्यांनी स्वतःचा नवा कोरा लोटा काढला.

पत्नींनी पाणी उकळून निवत ठेवलं. नाकवाल्यांनी मिठाची बरणी आणि चमचा पुढे केला. “सपाट पाव चमचा. घ्या तुम्हीच, मापात तुमचा हात कोण धरणार?”

मापताईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. “नको. वहिनी, तुम्हीच घाला. मी आता माप घेत नाही.” त्या कसंनुसं हसल्या. “नातीच्या तापाचं औषधसुद्धा सूनच मोजते. सतरा वर्षं ज्या डोळ्यांवर भरवसा ठेवला, तेच चुकले म्हटल्यावर लहान पोरीच्या जिवाशी कशाला खेळा?”

मग पत्नी स्टूलवर चढल्या, मला खाली काढलं, स्क्रू ओतून टाकले आणि मला नाकवाल्यांसमोर टेबलावर ठेवलं.

नाकवाल्यांनी सगळं सांगितलं. साबण, वास, ती वडी, आणि तीन वर्षांचं गप्प बसणं. शेवटी ते म्हणाले, “ताई, तुमचं माप कधीच चुकलं नव्हतं. चूक माझी होती, आणि कळल्यावरही मी तोंड शिवून बसलो.”

मापताई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “काम गेलं त्याचं नाही हो एवढं. पण मला तुम्ही माझ्याच नजरेतून उतरवलंत. आणि हे मला काय सांगता? तिथे सांगा, सगळ्यांसमोर.”

दुसऱ्या दिवशी नाकवाल्यांनी कारखान्यात सगळ्यांसमोर ते सांगितलं. मालकांनी ताईंना परत बोलावणं धाडलं. पण वरातीमागून घोडं ते. ताई गेल्या नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या भांड्याला फार काही लागत नाही. उकळून कोमट केलेलं पाणी, मोजकं मीठ आणि नंतर कोरडं होण्यापुरती हवा. साबणाचा थाट करू नका, कुणाचा लोटा कुणाला देऊ नका, आणि दुखणं हटेना किंवा कान दुखू लागला तर डॉक्टरांना विचारा. एवढं पाळलंत तर मी तुमचा. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. आपली चूक कळेल, त्याच दिवशी ती सांगून टाका.

कारण त्या दुपारी, सगळं ऐकून झाल्यावर, मापताईंनी बरणी स्वतःकडे ओढली होती. चमचा भरला, बोटाने सपाट केला, डोळ्याच्या रेषेत धरला. बरोबर पाव चमचा होता. मला दिसत होतं, नाकवाल्यांना दिसत होतं. तरी ताईंनी ते मीठ पाण्यात टाकलं नाही. त्या वहिनींकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, “बघा ना जरा, बरोबर आहे का?”