बांधाखालचा रस्ता

चर्चच्या कोपऱ्यापासून आमच्या दारापर्यंतचा रस्ता एकशे चाळीस मीटर लांब आहे. एप्रिलमधल्या त्या शनिवारी त्यावर उभ्या केलेल्या तीन मोटारी होत्या, घोडा वाहून न्यायची एक रिकामी गाडी होती, ताशी पंधरा मैलांची एक पाटी होती, एक लाल टपालपेटी होती, बांधाच्या कट्ट्यावर विकायला ठेवलेल्या नव्या बटाट्यांच्या सहा पिशव्या होत्या, आणि बांधात अर्धी गाडलेली गटाराची एक लोखंडी जाळी होती. जाळी मी सगळ्यात शेवटी लिहिली. तिच्याकडे आधी बघायला हवं होतं.

मोजमापाचं कारण पॅरिश हॉलच्या, म्हणजे आमच्या गावपंचायतीच्या, फलकावर लागलं होतं. बुधवारच्या सभेपुढे ठराव येणार होता: चर्चच्या कोपऱ्यापासून ओढ्यापर्यंत कुठेही गाडी उभी करायला बंदी. फेब्रुवारीत ओढ्यापलीकडच्या हामोनबाईंच्या धुराड्याला आग लागली, तेव्हा बंब आमच्या दारापाशी अडकला. आमच्याकडे आलेली छोटी निळी मोटार तिथे उभी होती. बंबाला चर्चपर्यंत मागे जाऊन गिरणीवरून वळसा घालून यावं लागलं. कुणाला इजा झाली नाही, पण छपराचे दोन वासे जळाले. त्यामुळे ठरावात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

ती निळी मोटार ग्रासाची. ग्रासा मदेइरा बेटावरची, आमच्या या जर्सी बेटावर येऊन तिला वीस वर्षं झाली. माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आल्यापासून ती सकाळ-संध्याकाळ त्यांचं बघते आणि आठवड्यातून तीनदा त्यांना व्यायामासाठी शहरातल्या इस्पितळात नेते. मी दिवसभर पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत असते, म्हणजे ती एकटीच. डॅड वॉकर धरून दार ओलांडतात, दोन पायऱ्या उतरतात आणि मोटारीत बसतात. तेवढंच चालणं त्यांना जमतं. त्यांना दारात उभं करून मोटार आणायला चर्चपर्यंत जाणं ग्रासाला शक्य नव्हतं, आणि आमच्या चढावर चाकांची खुर्ची ढकलणं तर मलाही झेपत नाही. गाडी दारात उभी राहिली नाही तर इस्पितळ बंद, इस्पितळ बंद झालं तर चालणं बंद. मग शहरातलं शुश्रूषागृह. हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

"ठराव बरोबर आहे," डॅड म्हणाले. झटक्यानंतर त्यांचे शब्द सावकाश येतात, पण येतात नेमके. "मी अजून निरीक्षक असतो तर मीही हाच मांडला असता."

"मग सभेत हात वर करणार?"

"करणार. उजवा. डावा उठत नाही."

ग्रासा त्यांच्या बुटाची नाडी बांधत होती. तिने ती जरा जास्तच आवळली. "तुमच्यासारखा माणूस पाहिला नाही, मिस्टर पर्चर्ड. स्वतःला घराबाहेर काढायला स्वतःच मत देताय!"

डॅड अठरा वर्षं पॅरिशचे रस्ते निरीक्षक होते, बिनपगारी. वर्षातून दोनदा, जुलैत आणि सप्टेंबरात, आमच्याकडे ब्रांशाज असतो. पॅरिशप्रमुख, निरीक्षक आणि बाकीची मंडळी सगळे रस्ते फिरून बघतात. बारा फुटांच्या खाली एखादी फांदी रस्त्यावर आलेली दिसली की जमिनीच्या मालकाला दंड. उंची बघायला बारा फुटांची काठी असते, आणि ती अठरा वर्षं डॅडच्या हातात होती.

आता निरीक्षक एडविना मूरां आहेत. शनिवारी मी मोजायची फीत घेऊन रस्त्यावर ओणवी झालेली बघून त्या सायकलवरून उतरल्या.

"कोरिन, माझ्यावर भरवसा नाही वाटतं?"

"तुमच्या आकड्यावर आहे. मलाही तोच मिळाला." रस्ता चार मीटर पंचेचाळीस. ग्रासाची मोटार भिंतीला चिकटून उभी केली तरी आरशापासून पलीकडच्या बांधापर्यंत अडीच मीटर उरत होते. बंबासाठी अग्निशमन दलाने तीन मागितले होते.

एडविना गाडीच्या आरशाकडे बघत राहिल्या. "मला रात्री झोप लागत नाही गं. तुझ्या डॅडने, क्लेमनेच, मला हे काम शिकवलं. पण परत आग लागली तर? हामोनबाई ब्याऐंशीच्या आहेत."

"समजतंय मला."

"तू मला अर्धा मीटर शोधून दे. मी सभेत उभी राहून माझाच ठराव मागे घेते."

त्या असं बोलल्या नसत्या, तर मी फीत गुंडाळून घरात गेले असते, असं मला वाटतं.

मी दहा ठिकाणी रुंदी घेतली. नऊ आकडे जवळपास सारखे आले. दहावं ठिकाण जाळीचं होतं, आणि तिथे फीत कुठपर्यंत धरायची तेच कळेना, कारण अर्धी जाळी बांधाच्या मातीत होती. गटाराची जाळी कुणी बांधात बसवत नाही. ती रस्त्याच्या कडेला बसवतात. मी भूशास्त्र शिकले आहे. उतारावरची माती दरवर्षी थोडीथोडी खाली सरकते, यावर मी परीक्षेत दोन पानं लिहिली होती, आणि या बांधाला लागून मी वीस वर्षं शाळेत, बस पकडायला, दुकानात गेले होते.

तंबूची लोखंडी खुंटी आणून मी बांधाच्या पायथ्याशी मातीत खुपसली. खट्. थोडी आत, पुन्हा खट्. खाली डांबर होतं. ते कुठे संपतं ते मी दहाही ठिकाणी पाहिलं. बांधाखाली कमीत कमी एक्कावन्न सेंटिमीटर रस्ता दडला होता, जास्तीत जास्त अठ्ठावन्न.

मी घरात जाऊन डॅडना आकडे सांगितले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, पण ते हसत होते.

"अठरा वर्षं," ते म्हणाले, "मी वर बघत होतो."

नियम उंचीचा, काठी उंचीची, त्यामुळे सगळं पॅरिश माना वर करून चालत होतं. बांध पायाशी पसरत होता आणि त्याला जुलै आणि सप्टेंबर असं वर्षातून दोनदा उत्तीर्ण करण्यात येत होतं.

अडचण एकच होती. बांध विल्फ सिव्हरेटचा होता. विल्फ आणि डॅड एका वर्गातले. डॅडनी एकदा सिकॅमोरच्या झाडाच्या एका डहाळीसाठी, सगळ्या मंडळींदेखत, विल्फला दंड लावला होता. तेव्हापासून विल्फ त्यांना नावाने हाक मारत नसे. रविवारी दुपारी मी त्याच्या शेतावर गेले. तो गोठ्याच्या दारात बटाटे निवडत बसला होता.

"या, काठीवाल्या साहेबांच्या कन्या! आता काय वाढलंय माझं? नखं?"

मी सगळं सांगितलं. आकडेही सांगितले. त्याने एक बटाटा उचलून अंगठ्याने त्याची साल खरवडली.

"म्हणजे माझा बांध तुझ्या बापाच्या नाकाखालून रस्ता गिळत होता."

"हो."

"आणि त्याला दिसली ती डहाळी."

"हो."

"ती डहाळी एवढीशी होती, कोरिन. करंगळीएवढी. वर एक चिमणी बसली असती तर मोडून पडली असती."

"त्यांना आठवते ती. बारा फुटांना चार इंच कमी होती, म्हणतात."

"तीन!" विल्फ ओरडला. गाय वळून बघायला लागली. मग जरा वेळाने, बटाट्यांकडेच बघत, त्याने विचारलं, "चालतो का तो?"

"दारापासून मोटारीपर्यंत."

"हं." त्याने माझ्या हातात निवडलेल्या बटाट्यांची पिशवी दिली. "लोणी भरपूर घाल. बांधाचं बघतो." बघतो म्हणजे काय ते विचारायचा धीर मला झाला नाही.

बुधवारी पॅरिश हॉलमध्ये एरवी असतात त्यापेक्षा जास्त माणसं होती. बसच्या थांब्याजवळ गाडी लावायची सोय जाणार म्हणून काही जण नाराज होते, दोघे भाऊ तर त्यावरून आपसातच भांडत होते, हामोनबाई काठी टेकत पुढच्या रांगेत बसल्या होत्या. डॅडची चाकांची खुर्ची ग्रासाने कडेला लावली. पॅरिशप्रमुखांनी ठराव वाचला. एडविनांनी आगीची हकिगत सांगितली, बांधाखाली डांबर सापडल्याचंही सांगितलं, आणि म्हणाल्या, "पण बांध खाजगी आहे. त्यावर मला बोलता येणार नाही."

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. विल्फ उभा राहिला. त्याने चक्क टाय लावला होता.

"बांध माझा आहे. पण त्याखालचं डांबर पॅरिशचं आहे, आणि माझ्या मातीने त्यावर पथारी पसरली आहे. परवानगी न घेता गाडी उभी केल्यासारखंच झालं हे." लोक हसले. "माती मी मागे घेतो. मात्र आत्ता नाही. बांधावर प्रिमरोझ फुललेत, पक्ष्यांची घरटी आहेत, आणि माझे बटाटे निघायचेत. जुलैच्या ब्रांशाजपर्यंत मुदत द्या. त्या दिवशी मोजा. तीन मीटर नाही भरले तर खुशाल बंदी घाला. आणि लिहून घ्या, की यापुढे काठीसोबत फीतही न्यायची."

"आणि जुलैपर्यंत आग लागली तर?" कुणीतरी विचारलं.

हामोनबाई मागे वळल्या. "जुलैपर्यंत मी चूल पेटवत नाही. गार जेवायला मला चालतं. क्लेम पर्चर्डने माझ्या नवऱ्याच्या शवपेटीला खांदा दिला आहे."

एडविनांनी ठराव मागे घेतला. नवा ठराव विल्फने मांडला, त्याला अनुमोदन कोण देणार असं विचारल्यावर निम्म्या हॉलने तोंड उघडलं. हात वर झाले. डॅडनी उजवा केला.

बाहेर पडताना विल्फ खुर्चीजवळ थांबला. डॅडनी बोलायचा प्रयत्न केला, पण घाईत त्यांचा शब्द अडकतो, तसा अडकला.

"राहू दे रे म्हाताऱ्या," विल्फ म्हणाला. "मला आभार नकोत. एवढंच कबूल कर, तीन इंच."

डॅडनी श्वास घेतला. "चार," ते म्हणाले. स्पष्ट.

"मेला तरी सुधारणार नाही!" विल्फ म्हणाला, आणि खुर्ची स्वतः ढकलत दारापर्यंत घेऊन गेला.

जुलैच्या पहिल्या शनिवारी तो ट्रॅक्टर घेऊन आला. तो एकटाच येईल अशी माझी कल्पना होती. पण मागून फावडी घेऊन एडविना आल्या, पॅरिशप्रमुख आले, चर्चचे रेक्टर जुनी पँट घालून आले, आणि सभेत गाडीच्या जागेवरून भांडलेले दोघे भाऊ एकाच घमेल्याच्या दोन कानांना धरून आले. गवताचे थर अख्खे कापून बाजूला ठेवले, माती ट्रॅक्टरने शेतात नेली, आणि मागे सरकवलेल्या बांधावर तेच गवत परत थापलं. प्रिमरोझची रोपं हामोनबाई पाटावर बसून एकेक करून हातात देत होत्या. ग्रासाने मध आणि मसाल्यांचा मदेइरी केक आणला होता. हामोनबाईंनी तळलेल्या पिळांची परात आणली होती. त्या पिळांना आमच्याकडे वंडर म्हणतात, आणि ते कुणाचे जास्त चांगले यावरून चहाच्या वेळी सगळ्यात मोठं भांडण झालं.

डॅड दारात खुर्चीवर बसून होते. दुपारी मातीखालून रस्त्याच्या कडेचे जुने ग्रॅनाइटचे दगड निघाले, एका रेषेत, जाळीला लागून. मी त्यातला पहिला दगड पाण्याने धुतला. डॅड म्हणाले, "कोरिन, यांची सगळ्यांची नावं मला लिहून दे."

"ओळखता की सगळ्यांना."

"ओळखतो. तरी लिहून दे."

मी लिहून दिली. तो कागद अजून त्यांच्या खाटेशेजारी आहे.

ब्रांशाजच्या दिवशी मंडळी अकराच्या सुमारास आमच्या रस्त्यात शिरली. ग्रासाने मोटार दारात भिंतीला लावून उभी केली होती. आधी काठी फिरली. विल्फच्या सिकॅमोरखाली ती जरा जास्तच वेळ थांबली, विल्फने घसा खाकरला, आणि काठी पुढे गेली. मग एडविनांनी खिशातून फीत काढली आणि तिचं शून्याचं टोक डॅडच्या हातात दिलं.

डॅड वॉकर धरून दोन पायऱ्या उतरले. ग्रासा मागे उभी होती, हात पुढे करून, न धरता. त्यांनी उजव्या हाताने टोक आरशाच्या कडेवर दाबलं. विल्फने फीत ओढत पलीकडे नेली आणि ग्रॅनाइटच्या दगडापाशी गुडघ्यावर बसला. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, मग परत डोळ्यांवर घेतला.

"वाच," डॅड म्हणाले.

"तीन मीटर," विल्फ म्हणाला, "चार सेंटिमीटर."