तिसरी क्लच प्लेट

“दोघी मावतो म्हणे. यांचं कोपर माझ्या बरगडीत, माझं डोकं सायलेन्सरला, आणि म्हणे दोघी मावतो.”

गाडीखाली माझ्या कानापासून वीतभर अंतरावर धाकटी जाऊ पुटपुटत होती. माझ्या दातांत टॉर्च होता, म्हणून मला ऐकूही येत नसणार असा तिचा समज. मी तो मोडला नाही. टॉर्च तोंडात असताना बाणेदार उत्तर देता येत नाही.

मी ड्रॅग रेसिंग करते. सरळसोट पट्टी, शेजारी शेजारी दोन गाड्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं, आधी पोहोचेल ती जिंकली. वळण नाही, रिव्हर्स नाही, पार्किंग नाही. ड्रायव्हिंगमधलं मला न जमणारं सगळं वगळून उरलेला हा खेळ. पन्नाशीच्या तोंडावर व्हिडिओ बघून शिकले. गाडी हलकी व्हावी म्हणून तिची मागची सीट काढून टाकली. माझ्यातलं काही कमी करावं, असं मात्र डॉक्टरांखेरीज कुणी सुचवलं नाही.

मोसमातली शेवटची शर्यत रविवारवर आली होती आणि क्लचने पुन्हा मान टाकली होती. कितीही अ‍ॅक्सिलरेटर दाबा, इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी जागची हलायला तयार नाही.

“हल्लीचा मालच असा,” जॅकपाशी उभा असलेला नवरा म्हणाला.

“दादा, मागची प्लेट गेली तेव्हाही हेच म्हणालात,” गाडीखालून जाऊ.

“तेव्हाही हल्लीच होतं.”

आम्ही गिअरबॉक्स उतरवला. म्हणजे तो जॅकवरून हळूच घसरला आणि माझ्या पोटावर विसावला. इतकी वर्षं जोपासलेलं पोट एकदाचं कामी आलं.

“लागलं का गं?” नवऱ्याने विचारलं.

“मला विचारताय की गिअरबॉक्सला?”

समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे सैल करत कव्हर काढलं आणि प्लेट हातात आली. अस्तर पार रिव्हेटपर्यंत झिजलेलं. इंजिनाच्या ज्या जड चकतीला ती घासते त्या फ्लायव्हीलवर तापून पडलेले निळे डाग. वर जळका वास.

सुटताना क्लचवरचा पाय झटक्यात उचलायचा असतो. अर्धवट उचलून तसाच धरून ठेवला, की प्लेट घासत राहते आणि भाजून निघते. हे आम्हा तिघांनाही ठाऊक. एक्स-रे बघावा तशी तिघांनी ती प्लेट उजेडात धरली.

“उन्हाने झालं असणार,” मी म्हणाले.

“स्प्रिंग कमजोर असेल,” जाऊ म्हणाली.

नवऱ्याने हल्लीच्या मालाकडे पुन्हा बोट दाखवलं.

नवी प्लेट बरोबर मध्यावर बसवावी लागते, नाहीतर गिअरबॉक्सचा दांडा आत शिरत नाही. त्यासाठी मी झाडूच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळून खास हत्यार केलं आहे. त्याचा मला फार अभिमान. घरात तेव्हापासून झाडू नाही, ती गोष्ट वेगळी.

प्लेट बसली, गिअरबॉक्स चढला. नव्या प्लेटवर एकदम ताण टाकत नाहीत, म्हणून काही दिवस मी भाजी आणायलाही तीच गाडी नेली. सीट नसल्यामुळे मागे बटाटे घरंगळत आणि त्यांच्याही मागे लोक हॉर्न वाजवत.

मग एका संध्याकाळी गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी नेली. दिव्याच्या जागी नवरा टॉर्च घेऊन उभा, शेजारी जाऊ. मी पट्टा आवळला. छातीत धडधडत होतं. ती इंजिनाची धडधड आहे, असं मी नेहमीच धरून चालते. टॉर्च लागला. मी पाय उचलला, म्हणजे उचलायला घेतला. गाडी निघाली आणि तिच्या मागोमाग तो ओळखीचा वासही.

“नव्या प्लेटला येतोच थोडा,” नवरा म्हणाला.

गाडी परत न्यायला जाऊ बसली. ती उंच, सीट माझ्या मापाची. गुडघे स्टिअरिंगला टेकलेले, तरी दगड भिरकावावा तशी ती सुटली. वास नाही, धूर नाही. उतरली ती माझी आवडती कपबशी फोडल्यासारखा चेहरा करून.

आमच्या गाडीची सीट बोल्ट लावून पक्की केलेली असते, एका वेळी एकीच्याच मापाला. नवऱ्याने पाना काढला आणि दाराशी उकिडवा बसला.

“रविवारसाठी बोल्ट आवळून ठेवतो,” तो म्हणाला. “सीट कुठे ठेवू?”

“आहे तिथेच,” जाऊ खाली बघत म्हणाली.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. पाना तसाच हातात.

“मी काय म्हणते,” मी सुरू झाले, “पुढची प्लेट जरा जाड मागवू. आणि त्या पट्टीवर खडी फार आहे. शिवाय टायरची हवा...”

जावेने नवऱ्याच्या हातातला पाना घेतला.

“ताई, प्लेटला काही झालेलं नाही. दिवा लागला की तुम्ही घाबरता. आणि रविवारी मला चालवायचीय.”